वारेवरचं झाड

१९५६ साली मी तेवीस वर्षांची होते आणि चाकणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझं नाव शालन. माहेर बार्शीकडचं. पुण्यात सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि पहिलीच नेमणूक इथं मिळाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. शेजारी कांद्याच्या वखारी, त्यामुळे औषधांच्या कपाटालासुद्धा कांद्याचा वास यायचा.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून एस.टी.नं डॉक्टर कमलिनी वाटवे यायच्या. चाळिशीच्या, उंच, पांढरी सुती साडी, पायात जाड चपला. त्यांची एक सवय माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. बाईला काही विचारलं की त्या हातातली लेखणी खाली ठेवायच्या आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उचलायच्या नाहीत. बायका आधी बिचकायच्या, मग भडाभडा बोलायच्या.

डॉक्टरबाई गरोदरपणाच्या झटक्यांचा अभ्यास करत होत्या. तेव्हा हे दुखणं गावोगाव होतं. सातव्या-आठव्या महिन्यानंतर एखादीचं तोंड सुजायचं, हात सुजायचे, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि एके दिवशी पाणी भरता भरता तिची दातखीळ बसायची, अंग ताठ व्हायचं, झटके सुरू व्हायचे. पुष्कळदा आई आणि मूल दोन्ही जायची. लोक म्हणत, पाण्यातल्या आसरा लागल्या, नदीवर अवेळी गेली असेल.

“रक्ताचा दाब वाढतो आणि लघवीतून रक्तातला चांगला अंश वाहून जातो, एवढं आम्हाला कळतं,” बाई मला म्हणाल्या. “का, ते कळत नाही. पण शालन, एक गोष्ट बघ. मूल होऊन वार पडली की चार-आठ दिवसांत हीच बाई उठून बसते. सूज उतरते, दाब उतरतो. मग दुखण्याचं मूळ वारेच्या आसपासच असणार ना?”

म्हणून त्यांना वार हवी होती, म्हणजे मुलामागून पडणारा तो नाळेचा गोळा. निरोगी बायांचीही आणि आजारी बायांचीही. नऊ महिने दाब मोजायचा, लघवी तपासायची, आणि शेवटी त्याच बाईची वार वजन करून, कापून, पुण्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी झाकणाच्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या, त्यांत उग्र वासाचं औषध भरलेलं. मी त्या फडताळात ओळीनं मांडल्या.

दोन महिने झाले तरी एकही बरणी भरली नाही.

पोटावर हात ठेवू देणाऱ्या, दंडाला पट्टा बांधू देणाऱ्या बायका वारेचं नाव काढलं की उठून जायच्या. वार मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून अंगणात पुरायची असते. कुत्र्यानं उकरली तर आईचं दूध आटतं. वैऱ्याच्या हाती लागली तर मुलाचं काही खरं नाही. करंजवाडीचे सोपानराव, गावातले मोठे बागायतदार, यांच्या घरी आम्ही थोरल्या सुनेच्या बाळंतपणानंतर गेलो, तर ते ओसरीवरून खालीही उतरले नाहीत.

“आमच्या घरची वार पुन्याच्या बाटलीत?” ते म्हणाले. “डाक्टरीनबाई, पुन्यांदा ह्या दारात यिऊ नका.”

बाईंनी नमस्कार केला आणि आम्ही तीन मैल चालत परत आलो.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, दुपारी बाया पांगल्यावर, दवाखान्याच्या उंबऱ्यापाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. साठीची, काटकुळी, पण तळहात मात्र पुरुषासारखे रुंद. ती करंजवाडीची सुईण ठकूबाई. पस्तीस वर्षं तिनं त्या गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली बाळंतपणं केली होती. एरवी ज्या घरांच्या ओसरीवर तिला कुणी बसू देत नसे, त्या घरांच्या माजघरात बाळंतपणाच्या दिवशी तिचाच शब्द चालायचा.

“डाक्टरीनबाई, तुमाला वार कशापायी पायजेल?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

“आधी बसा.”

ठकूबाई उंबऱ्यावर बसली. बाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसल्या. मला सांगितलं होतं तेच, तितकंच सरळ, त्यांनी तिला सांगितलं. ठकूबाईनं ऐकून घेतलं.

“झटकेवालीची वार येगळीच आसती,” ती म्हणाली.

“कशी असते?”

“ल्हान. वंजळीत मावंल एवढी. आन् बोटं फिरवली की कडक गाठी लागत्यात. पांढऱ्या, पिवळ्या. भाकरी तव्यावर इसरली की जागजागी करपती, तशी.”

बाईंच्या तोंडाकडे बघून मीच दचकले. नंतर त्यांनी मला सांगितलं की पुण्याच्या इस्पितळात त्यांनी स्वतः अशा गाठी सहा-सात वेळा पाहिल्या होत्या आणि इंग्रजी ग्रंथात त्यांचं चित्रही होतं.

“ठकूबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कोन शिकवनार? वार हातात येती. पुरायच्या आदी म्या चाचपून बघती, समदी आली का न्हाई. तुकडा आत ऱ्हायला तर बाई जाती. बघता बघता बोटांस्नी कळतं.”

“झटके आलेल्या किती बाया पाहिल्यात?”

“अकरा.”

“आठवतात?”

ठकूबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला.

ती त्या दिवशी एस.टी.ची वेळ होईपर्यंत बोलली. शुक्रवारी पुन्हा आली, पुढच्या मंगळवारीही आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण अकरा बाया तिच्या डोक्यात जशाच्या तशा उभ्या होत्या. चिमाजीची पहिली बायको, पहिलटकरीण, आठवा महिना, हस्ताचा पाऊस, आदल्या दिवशी म्हणाली डोळ्यांपुढं काजवे नाचत्यात; बाई गेली, मुलगा जगला, आता त्याला दोन पोरं आहेत. दुसऱ्या एकीला जुळं होतं. तिसरीच्या हातातला चुडा डोहाळजेवणाला सैल होता आणि पंधरा दिवसांत इतका रुतला की कासाराला फोडून काढावा लागला. कोण कितवी खेप, कुणाची सूज कधी दिसली, वार केवढी होती, गाठी किती होत्या. बाईंची लेखणी भराभर चालली होती; त्या वेळी ती खाली ठेवायचं त्यांना भान नव्हतं. मधेच त्या थांबल्या आणि वहीची मागची पानं चाळून म्हणाल्या, “शालन, अकरातल्या आठ पहिलटकरणी. दोघींना जुळं. मोठमोठ्या इस्पितळांनी हजारो बायांच्या नोंदी करून जे काढलंय, ते ह्यांच्याकडे आहे.”

अकराव्या बाईची हकीकत संपल्यावर ठकूबाईनं विचारलं, “तुमच्या घरातलं कोन गेलं?”

मला वाटलं, बाई रागावतील.

“थोरली बहीण,” बाई म्हणाल्या. “मी चौदा वर्षांची होते. दाराच्या फटीतून बघत होते.”

ठकूबाईनं मान हलवली. उठताना म्हणाली, “वार न्यायची कशाला? हितंच बघा की. आमच्या अंगनात बघा, उजेडात, घरच्या बायांसमूर. बघून झाली की म्या पुरती. मंग कोन न्हाई म्हनंल?”

इतकी साधी गोष्ट आम्हा दोघींना सुचली नव्हती.

पहिली वार दत्तोबा माळ्याच्या अंगणात पाहिली. त्याच्या बायकोची तिसरी खेप, सगळं सुखरूप. सकाळचे नऊ वाजले असतील. मी पांढरा ट्रे ओट्यावर ठेवला, वरून कोमट पाणी ओतलं, रक्त वाहून गेलं. घरच्या चार-पाच बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या होत्या.

मी शिकताना वार पुष्कळ पाहिल्या होत्या. कमरेएवढ्या उंच टेबलावर, घाईघाईत, ‘पूर्ण आहे’ एवढं लिहून बादलीत टाकायच्या. उन्हात धरलेली कधी पाहिली नव्हती. बाईंनी ती उलटी केली, बाळाकडची गुळगुळीत बाजू वर आणली, आणि मी वाकून बघायला लागले. मधोमध नाळ रुजलेली, आणि तिच्यापासून निळ्या-जांभळ्या शिरा चहूकडे फुटलेल्या. बुंधा, फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या. अगदी काठापर्यंत. वडाचं अख्खं झाड, वर चकाकणाऱ्या पाण्याखाली ठेवल्यासारखं.

“आगं बया,” दत्तोबाची म्हातारी आई पुढे आली. “झाडच की गं ह्ये.”

बाईंनी काठाला लोंबणारा पातळ पडदा उचलला, हळूच उलगडला आणि आत मूठ घातली. पडदा फुगून त्याची पिशवी झाली. “नऊ महिने तुमचा नातू इथं राहिला,” त्या म्हणाल्या. “हे त्याचं घर.” मग त्यांनी वार पालथी केली, आईकडची खडबडीत बाजू दाखवली. “इथं आईचं रक्त येतं. आणि त्या बाजूला बाळाचं. दोन्ही कधी एकमेकांत मिसळत नाहीत.”

“मिसळत न्हाई?” ठकूबाई म्हणाली. “म्या समजत व्हती, आईचंच रगत पोरात जातंय.”

“नाही. मधे पापुद्रा असतो. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. त्यातून अन्न पलीकडे जातं, हवा जाते, घाण परत येते. रक्त रक्ताच्या जागी राहतं. तो पापुद्रा इतका घड्या घालून भरलाय, ठकूबाई, की सगळा पसरला तर हे अंगण झाकेल.”

ठकूबाईनं अंगणाकडे पाहिलं. तुळशीपासून गोठ्याच्या कुडापर्यंत. मग ट्रेमधल्या वीतभर गोळ्याकडे पाहिलं. शेकडो वेळा तिनं ती हातात घेतली होती, मडक्यात घातली होती.

“आन् म्या पुरत व्हती,” ती हळू आवाजात म्हणाली.

“पुरायचीच. आजही पुरू,” बाई म्हणाल्या.

वजन केलं, गाठी शोधल्या, एकही नव्हती. वहीत लिहिलं, आणि ठकूबाईनं रिवाजाप्रमाणे हळदकुंकू वाहून खड्ड्यात ठेवली. त्या दिवसानंतर बायकाच निरोप पाठवायला लागल्या. आमच्या सुनेची बघायला या, आमच्या लेकीची बघायला या. दिवाळीपर्यंत वहीत एक्केचाळीस नोंदी झाल्या.

सोपानरावांचं दार मात्र बंदच होतं. त्यांची धाकटी सून इंद्रायणी तेव्हा पहिल्यांदा गरोदर होती. वय एकोणीस. नवरा सयाजी पिंपरीला नव्या पेनिसिलिनच्या कारखान्यात कामाला, आठवड्याच्या सुट्टीला सायकलवरून घरी यायचा. एके दिवशी ठकूबाई आमच्याकडे आली ती धापा टाकतच.

“सोपानरावाची सून आडावर बघितली. तोंड बघा निसतं, भोपळा झालाय. जोडवी रुतल्यात. बाई, मला ह्ये लक्षान चांगलं दिसत न्हाई.”

बाईंना त्या दारात जायची बंदी होती, मला नव्हती. मी गेले. इंद्रायणीची सासू रुक्मिणीबाई हिनं मला मागच्या दारानं आत घेतलं, कारण तिलाही धास्ती वाटत होती. पोरीचा दाब एकशे साठ भरला. मी स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत तिची लघवी तापवली, दोन थेंब आम्ल टाकलं. वरचा भाग बघता बघता पांढरा झाला, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसा. रुक्मिणीबाईनं नळी हातात घेऊन वर-खाली केली.

“ह्ये हिच्या अंगातलं जातंय?”

“हो. हिला झोपून राहू दे. मीठ बंद करा. आणि पुण्याच्या इस्पितळात न्या, उद्याच.”

सोपानरावांनी ऐकलं नाही. “बाळंतपन घरातच व्हनार,” म्हणाले. “समद्यांची झाली तशी.” पण एवढं झालं की रुक्मिणीबाईनं सुनेचं काम बंद केलं आणि तिला खाटेवर झोपवून ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, रजा घेऊन घरी आलेला सयाजी सायकल दवाखान्याच्या पायरीशी तशीच टाकून आत आला. “बाई, घरी चला बिगीनं,” तो म्हणाला.

“झटका?” बाईंनी विचारलं.

त्यानं मान हलवली.

बाईंनी पिशवी उचलली आणि सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसल्या. चाळिशीतल्या डॉक्टरीणबाई, पांढऱ्या साडीत, दोन हातांनी पिशवी छातीशी धरलेली, आणि तो पोरगा उभा राहून पायडल मारतोय, असं ते दृश्य बाजारातून गेलं. मी मागून बैलगाडीनं गेले.

मी पोचले तेव्हा दुसरा झटका येऊन गेला होता. इंद्रायणी माजघरात जमिनीवर पडलेली, जीभ चावलेली, श्वास घोरल्यासारखा. दाब एकशे नव्वद. बाईंनी झटके थांबवणारं मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं होतं आणि तिला कुशीवर वळवत होत्या. सोपानराव दारात उभे होते. एवढा धिप्पाड माणूस, पण चौकटीला धरून.

“गाडी जुपतो. पुन्याला नेऊ,” ते म्हणाले.

“आता नाही,” बाई म्हणाल्या. “रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्याला तिला झटका येईल. कळा सुरू झाल्यात. इथंच सोडवू. मला दोन गोष्टी हव्यात. अंधार आणि शांतता. उजेडाची तिरीप आली, भांडं पडलं, कुणी मोठ्यानं बोललं, तरी झटका येऊ शकतो. आणखी दोन-तीन आले तर ती जगणार नाही.”

रुक्मिणीबाईनं खिडकीला वाकळा लावल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. भर सकाळी त्या खोलीत दिवेलागणीसारखा अंधार झाला. पण शांतता कशी आणायची? पलीकडच्या आळीत लोहाराचा घण चालला होता. तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी टुकटुक करत होती. चावडीपाशी शाळेची पोरं पाढे म्हणत होती.

आमच्या आधीच येऊन बसलेली ठकूबाई उठून बाहेर पडली.

थोड्या वेळानं लोहाराचा घण थांबला. मग पाढे थांबले. मास्तर सगळ्या पोरांना घेऊन भामा नदीच्या काठी गेले, असं नंतर कळलं. गिरणीवाला मात्र तयार होईना, दळणं पडलीत म्हणाला. ते ऐकून सोपानराव स्वतः गेले. ते काय बोलले मला माहीत नाही, पण ते टुकटुक मधेच तुटलं. मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढल्या गेल्या. आडावरच्या बायांनी घागरी दोरानं इतक्या अलगद सोडल्या की पाण्याला लागल्याचा आवाज येऊ नये. कुत्र्यांना कुणीतरी भाकरी दाखवून मळ्यात नेलं.

मी त्या अंधाऱ्या खोलीत इंद्रायणीची नाडी धरून बसले होते. एकेक आवाज कमी होत गेला आणि शेवटी काहीच उरलं नाही. तीनशे उंबऱ्यांचं गाव दिवसाढवळ्या गप्प झालं. मला बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळात, यात्रेत, कुठंच मला तसं वाटलं नव्हतं. एका एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी सगळं गाव श्वास धरून उभं होतं.

बाई दर थोड्या वेळानं तिच्या गुडघ्यावर बोटांनी टिचकी मारायच्या. पाय जरासा उडाला की दुसऱ्या इंजेक्शनला हरकत नाही, नाही उडाला तर औषध जास्त झालं. श्वास मोजायच्या. तिसरा झटका आला नाही. दुपार झाली. ठकूबाई परत येऊन इंद्रायणीच्या पायाशी बसली होती. तिचा हात पोटावर, आणि कळ आली की ती बाईंना फक्त बोट वर करून दाखवायची. बाई तिच्या बोटाकडे बघून ठरवत होत्या.

चारच्या सुमारास मुलगी झाली. केवढीशी! माझ्या दोन तळहातांवर मावली. निळी, निपचित. बाईंनी तिच्या तोंडातलं, नाकातलं ओढून काढलं, पाठ चोळली. काही नाही. मग वाकून तिच्या तोंडावर तोंड ठेवून अगदी हलकेच फुंकर घातली, एकदा, दोनदा. पोरीनं हात झाडला आणि मांजराच्या पिलासारखा आवाज काढला. मग रडली.

त्या गप्प गावात तो आवाज कुठवर गेला असेल! पण बाहेर कुणी ओरडलं नाही, कुणी थाळी वाजवली नाही. ठकूबाईनं आधीच बजावलं होतं, की मूल झालं तरी आईचा धोका टळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गिरणी बंद राहिली.

वार मी ट्रेमध्ये घेऊन मागच्या अंगणात आले. उतरतं ऊन होतं. बाई हात धुऊन आल्या, ठकूबाई आली. मागोमाग सोपानराव आणि सयाजी येऊन उभे राहिले. त्यांना कुणी जा म्हटलं नाही.

झाड होतं, पण लहान, आणि एका अंगाच्या फांद्या बारीक, सुकल्यासारख्या. बाईंनी ती पालथी केली. अर्ध्याहून जास्त भाग पांढरा, पिवळा, टणक. सुरीला लागेल असा. लालभडक, मऊ, जिवंत म्हणावा असा तुकडा माझ्या तळव्याएवढा होता.

ठकूबाईनं त्या तुकड्यावर बोट ठेवलं. “एवढ्यावर जगली ती?”

“एवढ्यावर,” बाई म्हणाल्या. “सगळं बंद पडत गेलं, आणि उरलेलं काम ह्या एवढ्यानं केलं. मी अशी पाहिली नव्हती.”

सोपानराव खाली बसले. “पुन्याला न्हेऊन बघितली, तर दुसऱ्या कुनाच्या पोरीला उपेग हुईल?”

“आज नाही सांगता येत. कदाचित खूप वर्षांनी होईल.”

त्यांनी मागच्या दारात आलेल्या बायकोकडे पाहिलं. रुक्मिणीबाई म्हणाली, “निम्मी आमी पुरतो. निम्मी तुमी न्या.” आणि तसंच झालं. बाईंनी सुरीनं दोन भाग केले. एक हळदकुंकू वाहून मातीत गेला, दुसरा बरणीत.

तिसऱ्या दिवशी इंद्रायणी पुरती शुद्धीवर आली. तिला काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी सकाळी उठल्याचं नाही, झटक्याचं नाही, बाळंतपणाचं नाही. शेजारी कापसात गुंडाळलेली पोर बघून तिनं विचारलं, “कुनाचं लेकरू हाय?”

“तुजंच, बाय,” ठकूबाई म्हणाली.

इंद्रायणीनं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मग एका बोटानं मुलीची मूठ उघडायचा प्रयत्न केला. मुलीनं ते बोट धरलं. ती सोडेना, आणि इंद्रायणीही हात काढून घेईना.

पुढच्या उन्हाळ्यात वहीतल्या नोंदी एकशे अठ्ठावीस झाल्या. बाईंनी निबंध लिहायला घेतला, आणि तो पुरा करण्याआधी ठकूबाईला पुण्याला बोलावलं. मीच तिला एस.टी.नं घेऊन गेले. इस्पितळाच्या मागं लांबट खोली होती, खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडलेला. बाईंनी आधी इस्पितळातल्या एका निरोगी वारेच्या पातळ कापाची काच लावली.

ठकूबाईनं आधी दोन्ही डोळे मिटून घेतले. मग एक उघडून वाकली, आणि वाकलेलीच राहिली. “बाजरीचं शेत हाय,” ती म्हणाली. “कनसं हायेत. कनसात लाल दानं हायेत.”

मग बाईंनी इंद्रायणीच्या वारेची काच लावली आणि बाजूला झाल्या. ठकूबाईनं डोळा लावला. खिडकीतून ऊन तिच्या पाठीवर सरकत गेलं. दोन विद्यार्थी येऊन दारात थांबले, त्यांना बाईंनी हातानंच गप्प केलं.

“हितं वाट बुजलीया,” ठकूबाई अखेर म्हणाली. “ही नळी हाय का? तिचं भोक बुजत आलंय. पानी येनारा पाटच बुजला, मंग पुढचं जळनारच की.”

बाई खुर्चीत बसल्या. मला नंतर म्हणाल्या, “मी तीन महिने जे पानन्पान लिहून काढतेय, ते तिनं एका दमात सांगितलं.”

“पन बाई, ती बुजती कशानं?” ठकूबाईनं मान वर करून विचारलं.

“माहीत नाही.”

“तुमाला न्हाई. मंग थोरल्या डाक्टरांस्नी?”

“त्यांनाही नाही. विलायतेतल्या नाही, अमेरिकेतल्या नाही. ठकूबाई, जगात अजून कुणालाच माहीत नाही.”

साठ वर्षांच्या ठकूबाईला प्रथमच कळत होतं, की एवढी इस्पितळं, एवढे ग्रंथ असूनसुद्धा ती जिथं अडली होती तिथंच सगळं जग अडलं आहे. तिच्या तोंडावर निराशा नव्हती. लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघतं, तशी ती दिसत होती.

“आदीची काच लावा बरं पुन्यांदा,” ती म्हणाली, पदर खोचला, आणि पुन्हा वाकली.